बिनखाड्याची मालनबाई

मालनबाईचा दिवस पहाटे चारला सुरू होई, कारण नळाला पाणी तेव्हाच यायचं. पाणी भरून, भाकरी थापून, उजाडता उजाडता ती बेगम बाजारातल्या गोदामात मिरचीच्या ढिगापुढे बसलेली असे. काम देठ खुडण्याचं. देठ असा मोडायचा की मिरची फुटू नये. फुटली की बी सांडतं, वजन घटतं, आणि मजुरी वजनावर. बिदरकडून लग्न होऊन आली तेव्हापासून हेच काम, आणि खाडा म्हणून नाही. नवऱ्याचा तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी ती ढिगापुढे हजर.

मिरची हातावरच थांबत नाही. लघवीला जाऊन आलं तरी आग होते. तिथल्या सगळ्या बायकांना ती सवयीची. अंगावर पांढरं गेलं, कंबर भरून आली, तरी निदान एकच, उष्णता. औषधही एकच, सब्जाचं पाणी.

वस्तीतल्या दवाखान्यात गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी फुकट होई. सून भाग्यलक्ष्मी तिला एकदा ओढतच घेऊन गेली होती. काही निघालं नाही. "पाच वर्षांनी पुन्हा या. त्रास नसला तरी या," नर्स म्हणाली. मालनबाईने त्यातलं एवढंच घेतलं, की आपल्याला काही नाही.

पाच वर्षांनी सुनेने सासूला आठवण करून दिली.

"अत्तम्मा, उद्या जाऊन येऊ."

"एकदा बघितलं ना आत? पुन्हा बघायला काय सिनेमा लागलाय?"

"ते तेव्हाचं झालं."

"गुंटूरचा माल उतरलाय. नक्को गं बाई, खाडा नक्को."

पुढच्या वर्षीही माल उतरलाच.

पाळी जाऊन बराच काळ लोटला होता, आणि एके दिवशी साडीला डाग दिसला. शेजारी बसणारी रेणू खिदळली, "मालनमावशी, पुन्हा तरण्या झालात की!"

"गप, भवाने. उष्णता आहे."

सगळ्या हसल्या. तीही हसली. घरी येऊन तिने सब्जा भिजवला. डाग थांबेनात, तेव्हा ती गडद साड्या नेसू लागली. काम तेवढंच होत होतं; तिच्या लेखी तेवढं पुरेसं होतं. मग एका पहाटे भरलेली घागर तिला उचलेना.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतके महिने अंगावर का काढलंत?"

"मिरचीचं काम आहे, बाई."

"मिरचीचा याच्याशी काही संबंध नाही. हा कॅन्सर आहे. ठरल्या वेळी आला असतात तर कॅन्सर व्हायच्या आधीच दिसलं असतं. आता पसरलाय."

मालनबाई बाहेर आल्यावर सुनेवर खेकसली, "मला फरफटत का नाही नेलंस? तोंडानं सांगून मी कुणाचं ऐकते का?"

भाग्यलक्ष्मीने मान खाली घातली. तिची चूक नव्हती, हे दोघींना माहीत होतं.

विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू झाला. एका सकाळी नाव पुकारलं, तरी मालनबाई बाकावरून उठेना.

"तू तपासून घेतलंस का?" तिने सुनेला विचारलं.

"मला काय झालंय, अत्तम्मा? घेईन नंतर."

"त्या समोरच्या तपासणीच्या दारात जा आधी. तू गेल्याशिवाय मी आत जात नाही."

"तुमचा नंबर जाईल!"

"जाऊ दे."

पुन्हा नाव पुकारलं. भाग्यलक्ष्मी रडत, चडफडत समोरच्या दारात शिरली. ते बंद झालं तेव्हा मालनबाई भिंतीला धरून उठली.

शेक सरकारी कार्डावर फुकट होता. पण बसमध्ये तिला बसवत नसे, म्हणून रोज रिक्षा करावी लागे. खाली घडी घातलेली वाकळ, तरी प्रत्येक खड्ड्याला ती दात आवळी. शेक संपला, दुखणं संपलं नाही. रिक्षा येत राहिली. जन्मभर मिरची खुडून साठवलेली मजुरी गेली ती त्या रिक्षांच्या भाड्यात.