आवडाबाईची करवंटी

आवडाबाई एका जागी घटकाभर बसलेली मी कधी पाहिली नाही. तिचा अर्धा जन्म बाळकुमच्या मिठागरात गेला. नवरा वारल्यावर ती ख्रिस्ती झाली आणि भावकीनं तिला वाळीत टाकलं. तेव्हापासून ती ठाण्याच्या आमच्या लहानशा प्रार्थनामंदिरामागच्या खोलीत राहायची, झाडलोट करायची आणि प्रभुभोजनाच्या वेळी सगळे ज्यातून द्राक्षरस पीत तो चांदीचा पेला राखेनं घासायची. मी मिशनच्या शाळेत शिकवी आणि शेजारीच राही. तिच्या येरझाऱ्यांनी माझं डोकं उठे.

त्या वर्षी मुंबईत गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची साथ आली. एका बड्या साहेबाच्या मडमेनं पाद्रीसाहेबांना सांगितलं, नेटिव्हांसाठी पेला वेगळा ठेवा. पाद्रीसाहेब भले होते, पण भलेपणालाही कणा लागतो. त्यांनी एक पितळी पेला आवडाबाईच्या हाती दिला आणि रविवारपर्यंत लख्ख करायला सांगितलं.

ताप काय कातडीचा रंग बघून चढतो? राग मलाही आला, पण माझा राग तोंडातल्या तोंडात. आवडाबाई मात्र ओसरीवर गरागरा फिरत होती.

"बाई, येशूचं रगत येक, मंग पेले दोन कशाला? मी नाय घासनार!"

"खोली जाईल. मग कुठं राहशील?"

"खाडीत जाईन!"

तेवढ्यात सगुणा आली. ती रस्ते झाडायची. जिच्या सावलीचाही लोक विटाळ मानत अशा जातीतली, पण आवडाबाईच्याच दिवशी तिचा बाप्तिस्मा झालेला. बातमी तिच्या कानावर गेली होती.

"आवडाबाय, तुमी बोला. मी पाठीशी हाय," ती म्हणाली. "वाईच पानी द्या."

आवडाबाईचा हात सवयीनं दाराबाहेरच्या खुंटीकडे गेला. तिथे सगुणासाठी पाच वर्षं एक करवंटी टांगलेली होती. हात अर्ध्यावरच थांबला. मला लख्ख दिसलं: मंदिरात सगुणा नेहमी सगळ्यांच्या शेवटी पिते, म्हणून तिच्यानंतर पेल्याला कुणाला ओठ लावावाच लागत नाही. हे आमच्या ध्यानात कधी आलं नव्हतं असं म्हणणं सोयीचं आहे.

आवडाबाईनं घरातला आपला पेला भरून पुढे केला. सगुणा मागे सरली.

"नको बाय. मी गेल्यावर तुमी तो चुलीच्या इस्तवात टाकून सुद कराल. मना ठावं हाय."

तिनं स्वतःच करवंटी काढून पुढे धरली. आवडाबाईनं वरून पाणी ओतलं. सगुणा प्याली, करवंटी विसळून खुंटीला लावली आणि गेली.

चार दिवस आवडाबाईच्या पोटात धड अन्न गेलं नाही. अंगणातून माझ्या दाराशी यायची, परत फिरायची. शेवटी म्हणाली, "मडमंला शिव्या घातल्या मी. ती नि मी येकच ना, बाई?"

माझ्याही मागल्या दारी सगुणासारख्यांसाठी टवका उडालेला एक कप होता.

रविवारी पितळी पेला मेजावर तसाच, हिरव्या डागांचा. पाद्रीसाहेब लालबुंद झाले, पण करतात काय? चांदीचाच उचलावा लागला. मडम उठून निघून गेली. बाकीचे साहेबलोक प्याले. मग आवडाबाईनं मागं बसलेल्या सगुणाचं मनगट धरून तिला आपल्या आधी गुडघ्यावर बसवलं. सगुणा प्याली. पाद्रीसाहेब कापडानं कड पुसू लागले.

"ऱ्हाऊ द्या," आवडाबाई म्हणाली आणि तिथेच ओठ लावून प्याली.

पुढची पाळी माझी होती. मी मान खाली घालून बाकावरच बसून राहिले.

बुधवारी तिची खोली गेली. डोक्यावर बोचकं घेऊन ती माझ्या दारावरून गेली. 'माझ्याकडे ये' हे शब्द जिभेवर आले, पण मिशनची नोकरी आठवली. आजही ते आठवलं की माझी मला शरम वाटते.

दोन दिवस कशात मन लागेना. तिसऱ्या दिवशी चौकशी करत सगुणाच्या झोपडीवर गेले. आवडाबाई तिथे चुलीपाशी चक्क मांडी घालून बसली होती. मला बघून सगुणानं पाणी काढलं. घरात पेला एकच होता. आधी आवडाबाई प्याली, मग सगुणा. तिनं तो पुन्हा भरला, माझ्यापुढे करायला निघाली आणि मध्येच थबकली.

"द्या ना," मी म्हटलं आणि हात पुढे केला.