दादाच्या पलंगावर सात आठवडे

बेबीचं वय चव्वेचाळीस होतं. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून लहानपणी पडलेलं नाव तसंच राहिलं, आणि अंगानं ती पहिल्यापासून थोराड असल्यामुळे त्या नावावर हसणाऱ्यांची कधी वाण पडली नाही. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, ती काचा घासायची. पुढे गिऱ्हाईक आरशासमोर फ्रेमा लावून बघायचं. मागे बेबी गोल काच यंत्रात बसवून फ्रेमच्या मापाची करायची, मग तिची कड हातानं मऊ करून बोटाच्या टोकानं तपासायची. मालक म्हणायचे, "हिच्या हातून काच फुटत नाही, बुडाखाली स्टूल फुटतं." दोन स्टुलं खरंच मोडली होती. हा विनोद नव्या माणसाला ती स्वतःच सांगून टाकायची, म्हणजे मग दुसऱ्या कुणाला सांगायला उरायचा नाही.

तिचं वजन एकशे अठरा किलो होतं. लग्न केलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची. दोन रस्ते पलीकडे तिचा सात वर्षांनी मोठा भाऊ आणि वहिनी राहत. त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनी एका शाळेच्या कचेरीत काम करायची. दर रविवारी बेबी त्यांच्याकडे जेवायला जायची, आणि दादा तिच्या ताटात वाढताना म्हणायचा, "घे गं, तुझं पोट म्हणजे आपली वडिलोपार्जित इस्टेट."

मग दादाच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीन दिवस तो डायलिसिसच्या खुर्चीत पडून राहायचा आणि उरलेले चार दिवस त्यातून सावरण्यात जायचे. वहिनीला साखरेचा आजार, त्यामुळे तिची किडनी चालणार नव्हती. बेबीचं रक्त जुळलं. ती दवाखान्यातून नाचतच बाहेर यायची बाकी होती, पण डॉक्टरांनी तिला पुन्हा खुर्चीत बसवलं.

"तुमची किडनी चांगली आहे," ते म्हणाले. "पण या वजनाच्या माणसाला मी टेबलावर घेणार नाही. सत्तरच्या आत या."

"किती दिवसांत?"

"जितक्या लवकर याल तितकं भावाच्या फायद्याचं."

बेबीनं दुसऱ्याच दिवसापासून जेवण तोडलं. सकाळी दुकान उघडायच्या आधी तासभर चालायची, संध्याकाळी पुन्हा तासभर. गुडघे सुजायचे. भूक इतकी लागायची की यंत्राच्या घरघरीत तिला पोटातला आवाज वेगळा ओळखू येईना. चौदा महिन्यांत ती अडुसष्टवर आली. मधे तीन महिने काटा चौऱ्याऐंशीवर अडकून बसला होता, एवढं सोडलं तर वजन सतत उतरत गेलं. रस्त्यात ओळखीची माणसं तिला न ओळखता पुढे जायची.

सगळ्या तपासण्या झाल्या. तारीख ठरली. तारखेला नऊ दिवस राहिले असताना, डायलिसिसच्या खुर्चीतच, दादाचं हृदय बंद पडलं. वहिनी बाहेर बाकावर बसून त्याच्यासाठी घरून आणलेला स्वेटर उलटा झालेला सुलटा करत होती.

पन्नास किलो गेले होते, पण ते ज्या कातड्यात भरलेले होते ते कातडं कुठं जाणार? ते बेबीच्या अंगावरच लोंबत राहिलं. पोटाची घडी मांडीवर येऊन टेकायची. चालताना ती हातानं उचलून धरावी लागे. घडीच्या आत घाम साचून कातडी सोलवटायची, चिघळायची, वास यायचा. बेबी दोन-दोनदा आंघोळ करायची, घडीत जुनी सुती फडकी कोंबायची आणि कुणाला काही बोलायची नाही. आपल्याला हे असंच व्हायला हवं, असं तिनं मनाशी धरलं होतं. सव्वा वर्ष तिनं असं काढलं. मग घडीतल्या जखमेचा ताप अंगभर चढला आणि मालकांनी तिला स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घडी उचलून पाहिली आणि सरळ सांगितलं, "हे काढायलाच हवं. नाहीतर दर दोन महिन्यांनी तुम्ही इथेच."

दुकानात पुढे काउंटरवर बसणारी मुलगी म्हणाली, "मजा आहे बाई तुमची. आता कंबर काढून घेणार." बेबी तिच्याकडे बघून हसली. तिला समजावून सांगायचं जिवावर आलं.

ऑपरेशनला चार तास लागले. चार किलो कातडं निघालं. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत टाके होते, आणि दोन्ही बाजूंनी रबरी नळ्या बाहेर येऊन त्यांच्या टोकाला लिंबाएवढे फुगे लोंबत होते; आतलं रक्तपाणी त्यात जमायचं. सपाट झोपायचं नाही, ताठ उभं राहायचं नाही. झोपायचं ते निम्मं बसून, गुडघ्याखाली उशा घेऊन, आणि चालायचं ते काहीतरी हरवलेलं शोधत असल्यासारखं वाकून.

तिसऱ्या दिवशी वहिनी भेटायला आली. दादा गेल्यापासून दोघींचं येणंजाणं तुटक झालं होतं. वहिनीनं नर्सकडून सगळं समजून घेतलं, नळ्या पाहिल्या आणि म्हणाली, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर तुला कोण बघणार? माझ्याकडे चल. पलंग आहे."

तो पलंग दादाचा होता. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर यायची. दादाला आडवं पडलं की श्वास लागायचा, म्हणून घेतला होता. वहिनीनं हँडल फिरवायला घेतलं.

"एवढं पुरे?"

"दादाला किती लागायचं?"

"त्यांना जास्त," वहिनी म्हणाली आणि आणखी फिरवलं नाही.

वहिनीचा हात सराईत होता. तीन वर्षं आजारपण काढलेली बाई ती. सकाळी शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर ती दोन्ही फुगे रिकामे करायची, मापात किती भरलं ते बघायची, पट्टी सोडायची, पुसायची, पुन्हा बांधायची. तिच्या हातून बेबीला एकदाही दुखलं नाही. पण त्या हातात मायाही नव्हती. टपाल कचेरीतली बाई शिक्के मारते तशी ती ते काम उरकायची.

दिवसभर घरात बेबी आणि समोरची भिंत. भिंतीवर, दादा खुर्चीत टेकून बसायचा तिथे, त्याच्या डोक्याच्या उंचीला तेलाचा एक डाग पडलेला होता. बाथरूमच्या आरशात तिनं एकदा पट्टी सोडून पाहिलं. पोट सपाट होतं. बेंबी नव्या जागी होती. हात लावला तर हाताला पोट लागलं, पण पोटाला हात कळला नाही. तिथली कातडी बधिर होती. हे सगळं ज्याच्यासाठी केलं तो नाही, आणि आपण मात्र त्याच्या बिछान्यावर, त्याच्या बायकोच्या हातून पाणी पितो आहोत, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं पट्टी घाईघाईनं, चुकीची बांधली.

पंधराव्या दिवशी मधोमध टाके उसवले. जखम तोंड उघडल्यासारखी उघडी पडली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी. आतून भरत येईल, रोज गॉजचं जाळीदार कापड भरायचं, आणि खायचं, अंडी, दूध, जे पोटात जाईल ते. जखम अन्नावर भरते. पण बेबीला घास उतरेना. वहिनी दोन उकडलेली अंडी बशीत ठेवून शाळेत जायची आणि आल्यावर ती तशीच, वर सुरकुतलेली, उचलायची.

आठवडाभर तिनं हे पाहिलं. मग एका दुपारी गॉज बदलताना, मान वर न करता, ती म्हणाली, "त्यांच्यासाठी उपाशी राहिलीस ते समजलं. आता कुणासाठी राहतेस?"

वहिनीनं जुना गॉज चिमट्यानं बाहेर काढला.

"वहिनी, चौऱ्याऐंशीवर काटा अडकला होता ना तीन महिने."

"हं."

"तो अडकला नव्हता. मी खात होते. दुकानात, मागच्या खोलीत, यंत्राच्या मागे बसून. बिस्किटं. रोज दोन पुडे. दिवसभर उपाशी राहायचे आणि चार वाजले की हात आपोआप जायचा. तुम्हाला सांगायचे काटा हलत नाही म्हणून." ती उठून बसायला गेली. टाक्यांना ओढ बसून कळ आली, तशी तिनं उशी पोटाशी दाबली. "ते तीन महिने गेले नसते तर दादाचं ऑपरेशन होऊन गेलं असतं."

वहिनीनं नवा गॉज ओला केला, पिळला, जखमेत भरला. त्यावर कोरडा ठेवला. पट्टीचं टोक चिकटवलं. मग म्हणाली, "माहीत होतं."

बेबीनं पोटाशी दाबलेली उशी बाजूला केली.

"तुझ्या पर्समध्ये चुरा असायचा. तू आलीस की पर्स खुर्चीला लावायचीस, आणि मागून मी खुर्ची झाडायचे. त्यांनाही माहीत होतं."

"दादाला?"

"मी तुला बोलणार होते. रोज जिभेवर यायचं. ते म्हणाले, बोलू नकोस. बोललीस तर तिला लाज वाटेल आणि ती सगळंच सोडून देईल. ती आपणहून थांबेल, मला ठाऊक आहे ती. मला गळ्याची शपथ घातली." वहिनीनं चिमटा वाटीत ठेवला. "थांबलीसही तू आपणहून."

"तुम्ही बोलायला हवं होतं, वहिनी."

"हो," वहिनी म्हणाली. "हवं होतं."

ती वाटी घेऊन आत गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. बेबीला वाटलं होतं, हे एकदा बोलून टाकलं की छातीवरचं काहीतरी उतरेल; शिव्या बसतील, रडारड होईल, मग हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट आता तिला दादा दिसू लागला: रविवारी समोर बसलेला, सुजलेल्या पायांवर पांघरूण घेतलेला, "किती झालं गं?" असं विचारणारा, तिचं "चौऱ्याऐंशीच" ऐकून "होईल, होईल" म्हणणारा. सगळं माहीत असताना.

संध्याकाळी वहिनी पुन्हा दोन अंडी घेऊन आली आणि या वेळी बशी ठेवून गेली नाही, तिथेच उभी राहिली. बेबीनं खाल्ली. भूक नव्हती आणि चवही लागली नाही, पण समोर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

त्यानंतर दोघी कामापुरतंच बोलल्या. "कूस बदल." "पाणी हवं?" "उद्या नळी काढणार आहेत." एकदा, किडनीसाठी तिच्या तपासण्या झाल्या होत्या त्या मोठ्या हॉस्पिटलातून फोन आला. किडनीच्या विभागातली बाई होती. जुन्या फायली आवरताना बेबीची फाईल तिच्या हाती लागली होती. "दाता म्हणून तुमचे सगळे रिपोर्ट उत्तम आहेत," ती आपल्याच नादात म्हणाली, "फक्त पुढची नोंद दिसत नाही. फाईल चालू ठेवायची की बंद करायची?"

"बंद करा," बेबी म्हणाली.

"कारण काय लिहू?"

बेबीनं फोन वहिनीकडे दिला. वहिनीनं कारण सांगितलं.

सातव्या आठवड्यात जखम भरली. डॉक्टरीणबाईंनी तिला सरळ उभं राहायला सांगितलं, लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि म्हणाल्या, "छान झालंय. आता नवे कपडे घ्या." त्याच दिवशी वहिनीनं तिची पिशवी भरून दारात ठेवली. रागानं नव्हे. औषधं वरच्या कप्प्यात, कमरेचा जादा पट्टा खाली, सगळं नीट.

"जिना सावकाश चढ," ती म्हणाली.

बेबी दुकानात परत गेली, आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. भिंत आणि टेबल यांच्यामधून जाताना जुन्या सवयीनं ती अजूनही अंग आडवं करते; मालकांनी एकदा पाहिलं आणि नजर वळवली. चार वाजता ती मागच्या खोलीतून पुढे, दुकानाच्या दारातल्या उन्हाला येऊन उभी राहते. काउंटरवरच्या मुलीला वाटतं, नवी कंबर दाखवायला येते.

दोन रविवार ती वहिनीकडे गेली. पलंग दिसला नाही. कुणा गरजूला दिला, वहिनी म्हणाली. दोघींनी चहा घेतला, शाळेच्या सुट्ट्यांबद्दल बोलल्या, मग बोलायला काही उरलं नाही. तिसऱ्या रविवारी बेबी गेली नाही. चौथ्या रविवारीही नाही.

मग एका संध्याकाळी वहिनीचा फोन आला. शेजारणीचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आणि व्रण खाजतो त्यावरच्या मलमाचं नाव तिला आठवत नव्हतं. बेबीनं उठून ट्यूब शोधली आणि नाव वाचून दाखवलं. वहिनीनं लिहून घेतलं. त्यानंतर दोघी काहीच बोलल्या नाहीत, पण फोनही कुणी ठेवला नाही. पलीकडे वहिनीच्या घरातला पंखा फिरत असलेला बेबीला ऐकू येत होता.

"ठेवते," शेवटी वहिनी म्हणाली.

"हो," बेबी म्हणाली.