बाणवाले सर

"रेशीम या गावात कोणी आणलं?" असं विचारलं की सर नाव सांगत नसत, खिशातली पेन्सिल काढत. मिळेल त्या कागदावर गोल काढायचे: शेतकरी, अळ्या देणारा, शेड बांधणारा, कोष विकत घेणारा. मग गोलागोलांमध्ये बाण. कृषी महाविद्यालयात आम्ही त्यांना बाणवाले सरच म्हणायचो. नवी गोष्ट एखाद्या भागात कशी येते, कशी रुजते किंवा वाळून जाते, हा त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास. केदारखेडा या रेशमाच्या गावाचा असा कागद ते दरवर्षी नव्याने काढत आणि जुन्यांशेजारी ठेवून बघत बसत.

माझ्या प्रबंधात मी तिथे रेशमात यशस्वी झालेल्या पहिल्या शेतकऱ्याला नायक केलं होतं. सरांनी पानं परत दिली. "हे तर चरित्र लिहून राह्यलास तू. याच्या आधी दोघांनी तुती लावून उपटली, ते कुठंयत? त्यांना विचार जाऊन."

गेलो. दोघांचीही तुती जोमदार होती, पण ती खाणाऱ्या अळ्या लांबून येत आणि उन्हाने वाटेतच मरत. तिसऱ्याच्या, म्हणजे माझ्या नायकाच्या, वेळेपर्यंत गावातल्या लक्ष्मीबाई लहान अळ्या वाढवून देऊ लागल्या होत्या. माझ्या प्रबंधात त्यांचं नावही नव्हतं.

पुढे एका वर्षीच्या कागदाने सर अस्वस्थ झाले. सगळे बाण त्यांच्याच गोलाकडे येत होते. रोग पडला, सरांना फोन. भाव पडला, सरांना फोन. "हे काही बराबर न्हाई," ते म्हणाले. "मी गेलो की मंग?" त्यानंतर फोन आला की ते एवढंच म्हणायचे, "आधी आपसात विचारा." लोक दुखावले. "सर आता लई मोठे झाले," हे मी ऐकलं. त्यांनीही ऐकलंच असणार. पण त्यांनी आपलं वागणं बदललं नाही.

यंदा सर गेले. दहाव्याला केदारखेड्याचं कोणीच आलं नाही. मला ते फार लागलं. दोन दिवसांनी मी गावात गेलो. लक्ष्मीबाई शेडमध्ये पाला टाकत होत्या.

"दहाव्याला कोणी दिसलं नाही," मी म्हणालो.

"कसं येणार, दादा? अळ्यांनी शेवटची कात टाकल्ती. साऱ्या गावाच्या अळ्या माझ्याकडच्या, सगळ्या एकदमच खायला उठल्या. आता उपाशी ठेवल्या तर कोष होत न्हाई."

त्या पाला पसरत पुढे सरकल्या.

"मागच्या महिन्यात रोग पडल्ता."

"सरांना फोन केला होता?"

"न्हाई. घनसावंगीला एक रेशीमवाला हाय, त्याला विचारलं. समद्यांनी मिळून शेडी धुतल्या, चुना टाकला. थांबला." रिकामी पाटी त्यांनी खाली ठेवली. "सरांना सांगायचं तेवढं राह्यलं."