भागूची घंटा आणि जादा गाडी

तळेघरच्या अलीकडे, भीमाशंकरच्या रस्त्याला लागून असलेल्या वाडीत एका खोलीची शाळा होती. पहिली ते चौथी सगळे एकत्र. त्यामुळे पहिलीतल्यांना चौथीच्या कविता पाठ आणि चौथीतल्यांना पहिलीच्या खोड्या.

गोष्ट सत्त्याण्णव सालातली. चौथीतली भागू त्या वर्षी वाडीतली सगळ्यांत मोठी अधिकारी होती, निदान तिचं तरी तसं मत होतं. शाळेपुढच्या हिरड्याच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता आणि तो बडवायचा लोखंडी दांडा तिच्या ताब्यात होता. आधी तो तिच्याच वर्गातल्या रुपेशकडे होता. पण एका दुपारी गोट्यांचा डाव असा रंगला की रुपेशने मधली सुट्टी संपल्याची घंटाच दिली नाही. गुरुजींचाही नेमका डोळा लागलेला. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. दांडा भागूकडे आला.

"पण ध्यानात ठेव," गुरुजींनी बजावलं, "चुकीची घंटा दिलीस, तर दांडा परत रुपेशकडं."

तेव्हापासून रुपेश तिच्या चुकीवर टपून बसला.

शाळेत घड्याळ नव्हतं. घड्याळ गुरुजींच्या मनगटावर आणि गुरुजी घोडेगावाकडून येणाऱ्या सकाळच्या एसटीत. गाडीने खालच्या वळणावर हॉर्न दिला की भागू दांडा हाणायची. गुरुजी उतरून चढ चढेपर्यंत पोरं रांगेत उभी.

महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी भागू चुलीपुढे नाचणीची भाकरी दुधात कुस्करत होती. तेवढ्यात हॉर्न वाजला.

"आये, गाडी आली!"

"आत्ताशी तर ऊन कुडावर आलंय गं," तिची आई सारजाबाई म्हणाली.

"गाडीला काय तुझा कूड दिसतोय?" म्हणत भागू पळालीसुद्धा.

ठण! ठण! ठण! सगळ्या वाडीची तारांबळ उडाली. कुणी कानात साबण घेऊन आलं, कुणी थोरल्या भावाची चड्डी आवळत. रांगा लागल्या. गाडी घरघरत वर आली आणि थांबायचं नाव न घेता तशीच भीमाशंकरकडे गेली. पुढच्या काचेवर खडूने लिहिलं होतं, 'जादा गाडी'. यात्रेची!

रुपेशचं तोंड दिवाळीसारखं उजळलं. "गेला दांडा. आण इकडं."

"गुरुजी तर येऊ दे आधी."

"तवर काय करायचं?"

भागूने मान ताठ केली. "काय म्हंजी? शाळा! घंटा झाली म्हंजी शाळा भरली."

आणि तिने खरोखरच शाळा भरवली. प्रार्थना घेतली, पाढे घेतले, पहिलीतल्या रडणाऱ्याला बाराखडीला जुंपलं. अर्धवट जेवणावरून उठून आलेली पोरं भुकेने चुळबुळायला लागली, तेव्हा मधली सुट्टीही दिली. खऱ्या गाडीने गुरुजी आले, तर पोरं हिरड्याखाली बसून चटणीची बोटं चाटतायत. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, हलवलं, कानाला लावलं.

"मधली सुट्टी? आत्ता?"

"जादा गाडीवर घंटा दिली हिनं!" रुपेश पुढे झाला. "नियम म्हंजी नियम, गुरुजी."

गुरुजींनी भागूकडे पाहिलं. तिने दांडा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. ते मिशीत हसले.

"बरं रुपेशराव, तुम्हीच ठरवा. घंटा खोटी असेल तर दांडा तुमचा. पण मग शाळा आत्ता भरायची, प्रार्थनेपासून, आणि सुटायची पाचला. घंटा खरी असेल तर दांडा भागूचा, आणि लवकर भरलेली शाळा लवकर सुटणार. तीनला."

सगळी शाळा रुपेशकडे बघायला लागली. पहिलीतल्या धाकट्या भावाने त्याचा सदरा ओढला. रुपेशने दांड्याकडे पाहिलं. खिशात हात घातला, गोट्या खुळखुळल्या.

"खरीच व्हती, गुरुजी," तो म्हणाला. "लई खणखणीत वाजली."

दुपारी रुपेश सगळ्यांत आधी हिरड्याखाली येऊन उभा राहिला. "हाण की आता! तीन वाजलं असतील."

"असतील?" भागूने दांडा खांद्यावर टाकला. "थांब, गुरुजींचं घड्याळ बघून येते. चुकीची घंटा द्यायची नाय."

आणि ती अगदी सावकाश चालत शाळेकडे निघाली.