टॉवेलचा हंस

मी मुलांना कागदाच्या घड्या घालायला शिकवते असं सांगितलं की सोलापुरात लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, ‘त्याला मार्क आहेत का?’ आणि दुसरा, ‘होडी येते का तुम्हाला?’ होडी! गवयाला भेटून ‘टाळ्या वाजवता येतात का’ असं विचारण्यातला प्रकार. पूर्वी मी थांबून समजावून सांगत असे. आता नुसतं ‘येते’ म्हणते आणि रिक्षाला हात करते.

मी चित्रकलेची शिक्षिका. निवृत्त झाल्यावर त्याच शाळेत शनिवारचा शेवटचा तास मागून घेतला, पाचवीच्या वर्गासाठी. माझा भाचा नोकरीसाठी जपानात असतो. एकदा सुट्टीवर येताना त्यानं तिकडच्या चौकोनी कागदांचा गठ्ठा आणि आकृत्यांचं एक पुस्तक आणलं. पुस्तकातलं अक्षरही मला वाचता येत नव्हतं, पण बाण आणि तुटक रेषा कळत होत्या. तुटक रेषा म्हणजे दरी, घडी आत; तुटक रेषेत ठिपके असले की डोंगर, घडी बाहेर. तेवढ्यावर मी जेवणाच्या टेबलावर बसून शिकले. घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे पसारा आवर असं म्हणणारंही कोणी नव्हतं. स्पष्टच सांगते, सकाळी उठून नीट साडी नेसावी असं त्या तासाशिवाय माझ्या आठवड्यात काही उरलं नव्हतं. तो तास मला हवा होता, आणि तो माझ्या हातून जायची वेळ आली होती.

आधी शिकवणं कसं चालायचं ते सांगते. आधी इतिहास, मग घडी, हा माझा नियम. कागद चीनमधून कोरियामार्गे जपानात गेला, तिथं तो इतका महाग होता की आधी देवाच्याच कामाला लागला, हे मी सांगायची. मग सरदार घराण्यांत भेटवस्तू कागदात बांधायची रीत पडली. कुठल्या वस्तूला कुठली घडी हे ठरलेलं असे, आणि घडी चुकली की देणाऱ्याची अक्कल निघे. लग्नात मद्याच्या सुरयांना कागदाची दोन फुलपाखरं बांधत, एक नर आणि एक मादी. मुलं डोळे मोठे करून ऐकायची. मला वाटायचं, बी रुजतंय.

काय रुजलं ते सोमवारी कळलं. मुख्याध्यापिकांनी बोलावून घेतलं. पालकांच्या ग्रुपवर तक्रार आली होती की चित्रकलेच्या जुन्या बाई पाचवीच्या मुलांना दारूची माहिती देतात.

“मॅडम, फुलपाखरांपुरतंच ठेवा की,” त्या म्हणाल्या. “बाटल्या कशाला?”

या मुख्याध्यापिकांचा जपानचा अभ्यास बुलेट ट्रेनपाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. मी फुलपाखरं ठेवली आणि सुरया काढल्या. फुलपाखरं मग कुठंच बांधलेली नव्हती, नुसतीच इतिहासात उडत होती. कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

दुसरा नियम तपासण्याचा. पोरानं पक्षी करून आणला की मी तो उलगडायची. पूर्ण, सपाट चौकोन होईपर्यंत. कागद खोटं बोलत नाही. कुठं दोनदा दुमडलंय, कुठं कोपरा कोपऱ्याला भिडला नाही, कुठं आईनं नखानं दाबून दिलंय, सगळं त्या रेषांत दिसतं. मी तो कागद वर धरून वर्गाला दाखवायची आणि चूक कुठं झाली ते बोट ठेवून सांगायची. पोरांची तोंडं पडायची. पडू देत. इथं कोणालाच खरं ऐकायची सवय नाही. गॅदरिंगमध्ये बेसूर गाणाऱ्यालाही पहिला नंबर देतात आणि उरलेल्यांना उत्तेजनार्थ.

वर्गात एका मुलीचा हात खरोखर चांगला होता. तिची आई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवायला जायची. दोन वेण्या, बोलायला फटकळ. तिचा पहिला क्रौंच पक्षी असा झाला होता की क्षणभर माझ्याही मनात आलं, हा तसाच ठेवावा. पण नियम तो नियम. उलगडला, तर चोचीजवळ एक रेष दुहेरी निघाली. मी ती वर्गाला दाखवली. त्यानंतर ही मुलगी इतकी सावकाश घड्या घालायला लागली की तास संपला तरी तिचा पक्षी अर्धाच. “घरी करते बाई,” म्हणायची आणि कागद दप्तरात टाकायची. घरून कधी काही आलं नाही. हुशार पोरांना आळस लवकर चढतो, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिलं.

त्यात सोलापूरचा उन्हाळा. पंखा लावला की कागद उडायचे, म्हणून माझ्या तासाला पंखा बंद. घामानं कागद मऊ पडायचा, रेष धरायची नाही. मुलं हात चड्डीला पुसायची. जपानी माणसानं ही कला सोलापुरात शोधली असती तर पहिल्या दिवशीच सोडून दिली असती.

तास धोक्यात आला तो शिष्यवृत्तीच्या सरांमुळे. त्यांना जादा तासासाठी तीच वेळ हवी होती. त्यांच्या तासाला मार्क होते, फ्लेक्सवर छापायला पोरांचे फोटो होते. माझ्याकडे काय, तर कागद. प्रश्न संस्थेच्या अध्यक्षांकडे गेला. अध्यक्षांचा टॉवेलचा कारखाना आहे, त्याच एमआयडीसीत. माणूस वाईट नाही. प्रत्येक गोष्टीत आपलं मत आहे असं त्यांना वाटतं, आणि ते असतंही, हीच पंचाईत. ते म्हणाले, “बाई, असं करू. जपान दिन ठेवू. पालक येतील, बघतील. लोकांना आवडलं तर तास तुमचा. काय?”

मी हो म्हटलं. नाही म्हणून करते काय!

मग ग्रुपवर जी धांदल उडाली ती बघायला हवी होती. आया यूट्यूब लावून बसल्या. ‘मुलांनी स्वतः केलेलंच आणावं’ असा मी निरोप टाकला, त्याला सगळ्यांनी अंगठा दाखवला आणि सगळ्यांनी स्वतः करायला घेतलं. जपान दिनाच्या सकाळी टेबलांवर ड्रॅगन होते, गुलाब होते, पाकळ्यांना चमकी लावलेलं कमळ होतं. एका गुलाबाची मी पाकळी उचलली तर आत डिंकाचा लोंदा. शेजारी उभी असलेली आई म्हणाली, “टिकायला पाहिजे ना मॅडम!”

टिकायला पाहिजे! इथल्या माणसाचा हा खरा धर्म. नव्या सोफ्याचं प्लॅस्टिक काढायचं नाही, रिमोटला पिशवी घालायची, देवाच्या फोटोला लॅमिनेशन. मुख्याध्यापिकांनी तर कहर केला. जपान दिनासाठी म्हणून मी न उलगडता ठेवलेले मुलांचे सगळ्यात चांगले क्रौंच त्यांनी माझ्याकडून आदल्या दिवशी मागून नेले होते. मला वाटलं, काचेच्या कपाटात ठेवणार असतील. त्यांनी ते लॅमिनेट करून आणले. पंख मिटलेले, मान दाबलेली, प्लॅस्टिकमध्ये सपाट झालेले पक्षी, रस्त्यावर ट्रकखाली आलेल्या चिमण्यांसारखे. वर पुन्हा भोक पाडून सुतळी ओवलेली.

“आता धूळ बसली तरी पुसता येते,” त्या समाधानानं म्हणाल्या.

बोलण्यासारखं इतकं होतं की सुरुवात कुठून करावी ते कळेना. उरलेले, पोरांनी खरोखर स्वतःच्या हातानं केलेले वाकडेतिकडे पक्षी पाण्याच्या टाकीजवळच्या बाकावर ठेवले होते. तिथं पाणी प्यायला येणारे पालक त्यांच्यावर हात झटकत होते.

आणि मग अध्यक्ष आले. त्यांच्या मागून कारखान्यातली दोन माणसं एक पाट घेऊन येत होती, गणपती आणावा तशी. पाटावर दोन पांढरे हंस. टॉवेलचे. एकमेकांकडे तोंड करून, माना अशा वळवलेल्या की मध्ये बदाम दिसावा. अध्यक्ष सहकुटुंब महाबळेश्वरला गेले होते, तिथं हॉटेलच्या पलंगावर त्यांनी हे पाहिलं होतं.

“बघा बाई, तुमचीच कला!” ते म्हणाले. “फक्त मटेरियल आपलं.”

ही जपानची कला नाही, हॉटेलात चादर बदलायला येणाऱ्या माणसाची करमणूक आहे, असं मी सांगायला तोंड उघडलं. पण तोवर पालकांनी पाटाला गराडा घातला होता. पोरांना हंसांच्या मागे उभं करून फोटो निघत होते. डिंकाच्या गुलाबाकडेही कोणी बघेना. गुलाबवाल्या आईचा चेहरा उतरला, तेवढंच मला बरं वाटलं. अध्यक्षांनी माईक हातात घेतला. “जपानचा कागद पाण्यात पडला की संपला. आपला सोलापुरी टॉवेल भिजला तरी टॉवेलच!” टाळ्या कडाडल्या. शिष्यवृत्तीचे सरसुद्धा टाळ्या वाजवत होते, वारं कुठलं आहे ते त्यांना बरोबर कळतं.

तास मला मिळाला. अध्यक्षांनी माईकवरच जाहीर केलं. शनिवारचा तास बाईंचाच, पण इथून पुढे टॉवेलच्या घड्या. टॉवेल कारखान्यातून येतील. गॅदरिंगला शंभर हंस स्टेजवर. मग नारळ आणि टॉवेल देऊन माझा सत्कार झाला. फोटोत मी हसते आहे असं लोक म्हणतात. मी दात आवळले होते.

तो आठवडा मी नकाराची वाक्यं जुळवण्यात घालवला. भाकरी थापताना एक सुचे, भांडी लावताना त्याहून धारदार दुसरं. ‘अध्यक्षसाहेब, ज्या कलेला इतिहास नाही ती शिकवायला मी रिकामी नाही.’ छान वाक्य होतं. अडचण एवढीच की मी रिकामी होते. शुक्रवारी संध्याकाळी मी इस्त्रीची साडी काढून ठेवली, आणि स्वतःचा इतका राग आला की ती पुन्हा कपाटात टाकली. शनिवारी सकाळी तीच नेसून गेले.

टॉवेलचा हंस करायला अक्कल लागत नाही. टॉवेल पसरायचा, वरची दोन टोकं मध्ये आणून चोच करायची, दोन्ही बाजू मधल्या रेषेपर्यंत गुंडाळत आणायच्या आणि पुढचा निमुळता भाग उचलून मान वळवायची. झाला. दरी नाही, डोंगर नाही. इतिहास सांगायचा तर महाबळेश्वरपासून सुरुवात. म्हणून मी तो नियम त्या दिवशी गुंडाळून ठेवला आणि बाकाबाकावर टॉवेल वाटले. टॉवेल उडत नाहीत, म्हणून कोणीतरी पंखा लावला. मी बंद कर म्हटलं नाही.

मुलं तुटून पडली. गुंडाळी सुटत होती, माना पडत होत्या, एकाचा हंस बदक झाला, एकाचा सरळ उंदीर. आणि वर्ग हसत होता. माझ्या तासाला असा आवाज कधी झाला नव्हता. कागदाच्या तासाला इतकी शांतता असायची की बाहेरून जाणारे शिक्षक वाकून बघायचे, आणि मला त्याचा अभिमान होता. आता मी फळ्याजवळ उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, बघा, शिस्त गेली, टॉवेल आला.

दोन वेण्यांच्या त्या मुलीनं सगळ्यांच्या आधी हंस उभा केला. त्या पहिल्या क्रौंचानंतर पहिल्यांदाच तिनं काहीतरी तासात पूर्ण केलं होतं. हात सोडला तशी मान हळूहळू वाकली आणि हंसानं बाकावर डोकं टेकलं. ती खो खो हसली.

“बाई, हे लई बरं हाय,” ती म्हणाली. “चुकलेलं दिसतच न्हाय की.”

“मला दिसतंय,” मी म्हणाले. “डावीकडची गुंडाळी सैल आहे. म्हणून मान पडली.”

वर्ग गप्प झाला, तो जुना गप्पपणा. मुलीनं हंसाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता म्हणेल, घरी करते. तिनं टॉवेलची दोन टोकं धरली, उभी राहिली आणि जोरात झटकला. मग तो बाकावर पसरून तळहातानं सारखा केला. पांढरा, सपाट, त्यावर एक वळी नाही.

“आता दावा, बाई,” ती म्हणाली. “कुटं चुकलं?”

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी जवळ गेले, सवयीनं बोटसुद्धा पुढं केलं. ठेवायला जागा नव्हती.