मागचा डबा

किन्हवलीपासून सरळगावापर्यंतच्या निम्म्या घरांत पहिला दिवा धाकलू वायरमनने लावलाय, आणि प्रत्येक दिव्याला तो स्वतःच थक्क झालाय. खोटं नाही सांगत. तीस वर्षं झाली या माणसाला बटणं दाबून. पण नव्या घराचं फिटिंग संपलं, मेन चालू केला, बल्ब पेटला, की हा शिडीवरूनच ओरडणार, "आयला! पेटला की रे!" घरमालक दचकून आत धावायचा. अरे बाबा, पेटवायलाच तर बोलावलंय ना तुला? पण धाकलूचं ते तसंच. एवढ्याशा तारेतून काहीतरी येतं, ते येताना कुणाला दिसत नाही आणि अख्खी खोली उजळते, ही गोष्ट त्याला अजून जुनी झालेली नाही.

अशा माणसाला गेल्या दिवाळीत मेव्हण्याने कल्याणला पिक्चरला नेलं. तिथे धाकलूच्या खुर्चीमागून कुणीतरी वाळक्या पाचोळ्यावरून चालत गेलं. धाकलूने झटकन दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. साप असेल तर? मागे बघतो तर एक बाई मुलाला वेफर भरवत होती. मग त्याच्या ध्यानात आलं की आवाज भिंतीतून आलाय. पुढचे दोन तास त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही, तो भिंतीवरचे स्पीकरचे डबे मोजत बसला. पिक्चर कसला होता म्हणून आजही विचारा, सांगता येणार नाही. डबे विचारा, डावीकडचे किती, उजवीकडचे किती, सगळं पाठ.

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, "अनिता, आपल्या घरात असं कायतरी आणायचं. मागनं आवाज येणारं."

"मागनं माझाच आवाज येतो दिवसभर, तो ऐका आधी," अनिता म्हणाली. पण तिनेही नवऱ्याला तीस वर्षांत स्वतःसाठी काही मागताना पाहिलं नव्हतं. चार दिवसांनी भाकऱ्या थापता थापता तिने आकडा सांगितला. पंधरा हजार. वर एक रुपाया नाय.

झालं! आता शहापूरच्या शेखरशेठचे दिवस भरले. शेखरशेठचं टीव्ही-फ्रिजचं दुकान. धाकलू दर बाजारच्या दिवशी तिथे हजर. पहिल्या वेळी शेठने त्याच्यासमोर एक लांबलचक पट्टी ठेवली. "साउंडबार. आता हीच चालते. एकच पट्टी, वायरीची कटकट नाय. आवाज भिंतीवर आपटून मागनं येतो."

"भिंत कसली लागते?"

"म्हणजे? भिंत ती भिंत!"

"आमची कुडाची हाय, शेठ. कारवी आणि शेणमाती. वर कौलं, मधे वारा जायला हातभर जागा. तुमचा आवाज आपटणार नाय, सरळ शेतात जाणार."

शेठने पट्टी परत खोक्यात घातली. तीन वर्षं पट्ट्या विकत होता, हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

दुसऱ्या वेळी एक झगमगता सेट. खोक्यावर ठळक अक्षरांत पाच हजार वॅट. धाकलूने खोक्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मशीन उलटं केलं, खिशातून चष्मा काढला आणि बुडाची बारीक पट्टी वाचली. "शेठ, हे आत घेतंय पासष्ट वॅट आणि बाहेर टाकणार पाच हजार? पाच हजारावर आमच्याकडे पिठाची गिरणी चालते. यात दळण टाकू का?" दुकानातली गिऱ्हाइकं हसायला लागली. त्यातलं एक तर न घेताच निघून गेलं. शेठने कपाळाला हात लावला.

असं चार महिने. धाकलू प्रत्येक डबा हातावर तोलायचा, कानाशी धरून बोटाने टिचकी मारायचा. एकदा तर त्याने शेठला शिट्टी वाजवत दुकानभर फिरायला लावलं आणि आपण डोळे मिटून उभा राहिला, का, तर जागेप्रमाणे आवाज कसा बदलतो ते समजून घ्यायचं होतं! शेवटी एक साधा काळा सेट ठरला. चार बाजूंचे चार छोटे डबे, माणसांच्या बोलण्याचा मधला एक, आणि घुमणाऱ्या आवाजाचा एक मोठा ठोकळा. दिसायला अगदीच गरीब. पण पासष्ट म्हटलं तर पासष्टच देणारा, आणि मुख्य म्हणजे मागे वायर दाबायच्या उघड्या क्लिपा. "वायर आपली घालता येते, पाहिजे तेवढी लांब," धाकलू म्हणाला. चौदा हजार दोनशे. शेठने वरून चहा पाजला, पुन्हा येऊ नये म्हणून.

सेट टेम्पोने घरी गेला तेव्हा धाकलू टोकावड्याला एका धाब्याचं फिटिंग करत होता. आणि इथेच घोळ झाला.

यांची पाच भावांची पाच घरं एकाच अंगणाभोवती आहेत. आई, ताराबाई, धाकट्याकडे म्हणजे धाकलूकडे राहते. घरात काहीही आलं, फणस असो, ओढ्याचे मासे असोत, नवे तांदूळ असोत, पाच वाटे पडणार आणि आधी थोरल्याकडे जाणार. म्हातारीची ही रीत तिच्या सासूपासूनची. अनिता नेमकी बचत गटाच्या बैठकीला गेलेली. टेम्पोवाल्याने खोकं उघडून दिलं आणि ताराबाईने आत पाहिलं तर पाच डबे. पाच! म्हातारीला भरून आलं. पोरगं कमवायला लागल्यापासून पहिल्यांदा सगळ्या भावांना आठवून काहीतरी घेऊन आलं! तिने पदर खोचला आणि एकेक डबा घेऊन अंगण फिरली. एक भाऊ भिवंडीला लूमवर असतो, घराला कुलूप. त्याचाही डबा तिने त्याच्या बंद दारापुढे ओट्यावर नीट ठेवला. पाचवा, मधला, धाकलूचा वाटा म्हणून घरातच ठेवला. मोठा ठोकळा उरला, तो आपल्या खाटेशी घेतला आणि वर पानाचा डबा ठेवला.

संध्याकाळी धाकलूची मोटारसायकल अंगणात शिरली. समोरच्या घराच्या दारात थोरला भाऊ जना उभा होता.

आता जनाचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी शेताची वाटणी झाली. जनाच्या वाट्याला ओढ्याकाठचा तुकडा आला, ज्याचा बांध दर पावसाळ्यात वाहून जातो. म्हातारीचा लाडका म्हणून धाकल्याला चांगलं मिळालं, असं जनाने मनात धरलं आणि त्या दिवसापासून धाकलूशी एक शब्द बोलला नाही. दार समोरासमोर, पण सणावारालासुद्धा नाही. धाकलूने दोनदा पाय धरायचा प्रयत्न केला, जनाने पाय मागे घेतले.

तो जना म्हणाला, "धाकल्या, डबा पोचला रे."

धाकलूच्या हातून क्लच सुटला, गाडी आचका देऊन बंद पडली. "बरं, दादा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. डबा कसला, पोचला कुठे, काही कळलं नव्हतं. दादा बोलला, एवढंच कळलं होतं.

घरात आल्यावर सगळा उलगडा झाला. अनिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "जा, आताच्या आता गोळा करून आणा! चार महिने त्या दुकानाची पायरी झिजवलीत, ती काय गावजेवणाला?"

"दादाकडनं मागू?" धाकलू म्हणाला. "आज मागू, अनिता?"

अनिताने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि चुलीपुढे जाऊन बसली. मागितलेला वाटा जना एका क्षणात आणून आपटेल, हे तिलाही ठाऊक होतं. आणि मग पुन्हा दोन वर्षं? का जन्मभर?

रात्रभर धाकलू आढ्याकडे बघत पडला. सकाळी उठला, माळ्यावरची उरलीसुरली वायरीची भेंडोळी काढली आणि शिडी घेतली. डबे हलणार नव्हते, तर वायर हलेल. डावी-उजवीकडच्या दोन भावांची घरं वळचणीवरून झाली. भिवंडीवाल्याचंही झालं. राहिलं समोरचं. धाकलूने अंगणात कुदळीने चर खणला, त्यात पाइप घातला आणि दोन वर्षांनी भावाचा उंबरा ओलांडला. वहिनीने, सोमीने, पाण्याचा तांब्या पुढे केला. जनाने डबा देवाच्या फळीवर ठेवून त्याला हळदकुंकू लावलं होतं.

दिवेलागणीला टीव्ही धाकलूच्या ओट्यावर आला. जो तो आपापल्या दारात, आपापल्या डब्यापाशी बसला. पिक्चर सुरू झाला. मधला डबा बोलायला लागला, डावी-उजवीकडून गाणं उमटलं, ताराबाईच्या खाटेशी ठोकळा घुमला आणि पानाचा डबा नाचायला लागला. "अगं बाय! पायात शिरतंय हे!" म्हातारी हसत सुटली.

जनाचा डबा मात्र मुका.

पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. भिवंडीवाल्याचाही मुकाच होता, पण तिथे तक्रार करायला होतं कोण? धाकलूला माहीत होतं, हे मागचे डबे. पिक्चरवाल्याने मागच्या बाजूला काही ठेवलं असेल तेव्हाच बोलणार. पण कधी? आणि जॉइंट सुटला असला तर? तो ओट्यावरून जनाच्या दाराकडेच बघत होता.

जना उठला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आये, वाटणीत परत मलाच खोटं दिलंस."

धाकलू अनवाणी अंगण तुडवत गेला. "दादा, तसं नाय. हा मागचा हाय. हा थोडं बोलतो, पण हा नसला तर बाकीचे चारी फुकट. जरा थांब."

"किती थांबू? तुमच्याकडे गाणी, माझ्याकडे खोका. घेऊन जा तुझा." जनाने हात वर करून फळीवरचा डबा उचललासुद्धा.

तेवढ्यात पडद्यावर एक बाई ओट्यावर बसून वाटेकडे कान देऊ लागली. बाकीचे डबे गप्प झाले. आणि भिवंडीवाल्याच्या बंद घराकडून घुंगुरमाळा वाजल्या. आधी बारीक, लांबून. मग खुरांचा आवाज, मग कुणाचं तरी ओझ्याने फुरफुरणं. दिसत काही नव्हतं, पण अंगणाच्या त्या टोकाकडून गुरं चालत आली, सगळ्यांच्या पाठीमागून गेली आणि थेट जनाच्या दारात शिरली. जनाच्या हातात घुंगरं वाजत होती.

बाकीच्या तिन्ही दारांतली माणसं पडद्याकडे पाठ करून जनाच्या घराकडे बघत होती. ताराबाईने आपसूक हात जोडले.

जनाने डबा धाकलूच्या हातात कोंबला आणि धावत घरामागे गोठ्याकडे गेला. दोन वर्षं रिकामा होता तो गोठा. वाटणीनंतर उरल्या तुकड्याला बैलजोडी परवडेना म्हणून जनाने खिलारी जोडी मुरबाडच्या बाजारात विकली होती, आणि विकून आला तेव्हा कुणापाशी एक अक्षर बोलला नव्हता. धाकलूलासुद्धा कासरे नुसते खुंटीला टांगलेले दिसले तेव्हा कळलं होतं.

जना परत आला. गोठ्यात काय असणार? दाराशी उभा राहिला, उपरण्याने डोळे पुसले, आणि धाकलूच्या हातातला डबा काढून घेऊन दोन्ही हातांनी पुन्हा फळीवर ठेवला.

"धाकल्या," तो म्हणाला, "मागं घे रे जरा. परत येऊ दे त्यांना."

धाकलूने समोर रिमोट घेऊन बसलेल्या अनिताला हात केला आणि भावाच्या उंबऱ्यावर बसला.