सगुणाच्या हातावरचं अर्धं वृंदावन

आंबिवलीच्या चंद्रभागेचा हात भारी हलका. ती गोंदायला बसली की बाया रडायच्या नाहीत, चार घरची भांडणं ऐकत हसायच्या. सासूकडून तिला तीन गोष्टी आलेल्या: दोऱ्यानं आवळलेल्या तीन सुया, काजळीचा रंग कालवायची एक करवंटी आणि एक रीत. लग्नघरात पहिला मान घरच्या थोरल्या म्हातारीचा. तिच्या मनगटावर दोन ठिपके द्यायचे आणि तीच सुई न पुसता नवरीला लावायची. म्हातारीचं आयुष्य पोरीला लागतं म्हणे.

त्रेपन्न सालच्या माघात ती विठ्ठलवाडीकडच्या एका आगऱ्याच्या घरी गेली. आधी ओटीवर शेजारणीचा, कमळाबाईचा हात झाला; ती परक्या घरची, मानात धरायची नाही. मग घरची आजी गोदाबाई मानाला बसली. मनगटाशी तिला पिकलेली पुळी. चंद्रभागेला ती दिसली. तिनं ठिपके दोन बोटं वर दिले नि पुढं नवरी घेतली, सगुणा. सगुणाला तुळशीवृंदावन पाहिजे होतं. कट्टा गोंदून झाला, तुळस राहिली, तोवर पोरगी म्हणाली, "र्‍हाऊ दे गो आत्या, उद्या." मागनं त्याच सुईवर तिच्या दोन मावश्या बसल्या.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. सगुणाचा हात कोपरापर्यंत सुजलाय, पू धरलाय, नि लग्न बारा दिवसांवर.

चंद्रभागा गेली तर गोदाबाई दारातच उभी. "आयलीस? बघ, नातीचा हात बघ! सुईला काय इख लावून आनलंस गो?"

मावश्यांचे हातही पिकलेले. शेजारची कमळाबाई मात्र कुंपणावरून मजा बघत होती, तिचा हात स्वच्छ. चंद्रभागेनं मनाशी मोजलं. आजीच्या आधी बसली ती बरी. आजीच्या मागनं बसल्या त्या सगळ्या नासल्या.

ती सगुणाला घेऊन कल्याणच्या दवाखान्यात गेली. आत पट्टी होईपर्यंत बाहेर ओसरीवर बसली. तिथं एक माणूस पोरांना देवी काढत, लस टोचत होता. एक पोर झालं की हत्यार दिव्यावर धरायचं, मगच दुसरं पोर घ्यायचं. चंद्रभागेला राहवेना.

"दादा, दर टायमाला कशाला भाजता? सकाळी एकदा भाजलं की झालं की."

"बाई, एकाच्या अंगातलं दुसऱ्याच्या अंगात घालायचं काय?"

येताना तिच्या डोक्यात तेच. शेजारणीच्या पेल्यातलं पाणी आपण पीत नाही, उष्टं म्हणतो. आणि रक्तात बुडालेली सुई उष्टी नाही? सुई भाजली तरी ती बुडणार सगळ्यांच्याच करवंटीत. तो रंगही उष्टाच.

गोदाबाईला तिनं तोंडावर सांगितलं, "आजी, पुळी तुमची, पन चूक माजी. मना दिसली व्हती, तरी मी सुई टेकवली."

"म्हंजे मीच नासवली माजी नात?"

"मी नासवली. तुम्ही नुसता हात पुढं केला."

म्हातारी आत निघून गेली. लग्न पट्टी बांधूनच लागलं. शिमग्यापर्यंत चंद्रभागेला एका घरचंही बोलावणं नाही. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "हात पिकवायचा असंल तर हिला बोलवा."

चैत्रात एका घरी कसंबसं जमलं. तिनं आधी टोप मागितला, चूल पेटवायला लावली नि सुया उकळत टाकल्या. "ज्या बाईला गोंदायचंय तिनं आपापली सुई आनून टोपात टाकायची, करवंटी बी आपापली."

"गोंदायला आयलीस का भात शिजवायला?"

"भात कच्चा राहिला तर पोट दुखतं गो बाय. सुई कच्ची राहिली तर हात." बाया हसल्या. कुणाचाच हात पिकला नाही. मग दुसरं घर मिळालं, तिसरं मिळालं. पण विठ्ठलवाडीकडून हाक नाही, आणि ते अर्धं वृंदावन तिच्या डोळ्यापुढनं हलेना.

अक्षयतृतीयेला सगुणा माहेरी आली, ती आजीला घेऊन थेट आंबिवलीला. हातावर सुजेचा माग नाही, नुसता रिकामा कट्टा.

"सासरी इचारतात, तुलस कुठं गेली?" सगुणा म्हणाली.

गोदाबाईनं ओच्यातून दोन घासलेल्या करवंट्या काढल्या, नव्या सुयांच्या दोन पुड्या काढल्या. मनगट उघडं करून दाखवलं, पुळीचा डागही नव्हता.

"तरी आधी पोरीला घे. घरची बाय सगल्यांना वाढून मंग जेवतं."

चंद्रभागेनं त्या सुया चुलीवरच्या टोपात टाकल्या नि थोड्या वेळानं उचलल्या, तसा सगुणानं हात मागं घेतला. "उकलल्यास का गो आत्या?"

"चुलीला इचार. मघापासून ती तेच करते."

सगुणानं हात पुढं केला.

आठव्या दिवशी खपली पडली. खाली तुळस हिरवीगार निघाली.